ऊर्जा नष्ट होत नाही, तर मग वीज वाचवायची कशाला?

फळा_खडू

नमस्कार. कराड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. सध्या नववीला ‘कार्य आणि ऊर्जा’ हा पाठ सुरू आहे. विजेरीत रासायनिक ऊर्जेपासून वीज आणि विजेपासून प्रकाश मिळतो, मिक्सरमध्ये विद्युत ऊर्जेची गतिज ऊर्जा होते, फटाक्यातील रासायनिक ऊर्जा आवाज, प्रकाश आणि उष्णता होऊन बाहेर पडते, ही उदाहरणे मुलांना झोपेतून उठवून विचारली तरी ती सांगतील. परंतु ऊर्जा अक्षय्यतेचा नियम फळ्यावर लिहिला त्या दिवशी मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “बाई, ऊर्जा नष्ट होत नाही ना? मग पंखा बंद केल्यावर पंख्यातली ऊर्जा कुठे जाते? आणि ती कुठे ना कुठे असतेच, तर वीज वाचवा, गॅस वाचवा असं सगळे का सांगतात?”

प्रश्न रास्त आहे, आणि तो धड्यातील एका ओळीने मिटणारा नाही. आपली नेहमीची उदाहरणे एका बाणावर संपतात. बाणाच्या डावीकडे एक रूप, उजवीकडे दुसरे रूप, आणि गुण मिळतात. डावीकडच्या रूपाच्या आधी काय होते आणि उजवीकडच्या रूपाचे पुढे काय झाले, हे परीक्षेत कोणी विचारत नाही. मला अशी रोजच्या जीवनातील उदाहरणे हवी आहेत की ज्यांत ऊर्जेचा माग सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढता येईल आणि मुलांना वहीत आकडेमोडही करता येईल. जूल, वॉट आणि विजेचे युनिट त्यांना माहीत आहे. आमच्या भागातील उदाहरणे मिळाली तर फारच चांगले.

अवजल

ताई, तुमच्या मुलांच्या दाराशीच या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण उभे आहे. जलविद्युत क्षेत्रातील नोकरीत माझे आयुष्य गेले, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

कोयनेचे पाणी शिवसागर जलाशयात साठते, नवजाजवळ ते बोगद्यात शिरते, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे जाते आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सुमारे ४७५ मीटर खाली उतरते. एक लिटर पाण्याचे वस्तुमान एक किलोग्रॅम धरले, तर त्याची स्थितिज ऊर्जा ९.८ गुणिले ४७५, म्हणजे सुमारे ४,६५५ जूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. भागाकार केल्यास एका युनिटला ७७३ लिटर पाणी लागेल असे दिसते. नळातील घर्षण, टर्बाइन आणि जनित्र यांत मिळून दहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा जाते असे धरले, तर हा आकडा साडेआठशे लिटरच्या थोडा पुढे जातो.

आता या ४,६५५ जूलचा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहा. डोंगरातील पोलादी नळात पाणी खाली येते तेव्हा उंचीमुळे असलेली स्थितिज ऊर्जा दाबाच्या रूपात जमा होते. कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांतील संच (टर्बाइन आणि जनित्र यांच्या जोड्या) पेल्टन पद्धतीचे आहेत. त्यांत तोटीतून बाहेर पडताना तोच दाब वेगात बदलतो. या वेगाचे गणित मुलांना जरूर करू द्या. उंची आणि वेग यांचे सूत्र वापरले तर सेकंदाला ९६ मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या जवळपास उत्तर येते. हा फवारा चाकावरील जोडवाट्यांवर आदळतो, वाटीच्या वळणाने उलट दिशेला फिरतो आणि जवळजवळ सगळा वेग चाकाला देऊन गलितगात्र होऊन खाली पडतो. ताशी साडेतीनशे किलोमीटर वेगाने आलेले पाणी चाकाखाली संथपणे निघून जाते, आणि त्याचा गेलेला वेग म्हणजेच तारेतून निघालेली वीज, हे वीजगृहात उभे राहून पाहिले की ऊर्जा रूपांतराची व्याख्या वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तेथून बाहेर पडलेले अवजल कोळकेवाडीच्या धरणात अडते, अलोऱ्याच्या वीजगृहात आणखी सुमारे ११० मीटर उतरून पुन्हा वीज देते आणि मग वाशिष्ठीतून दाभोळकडे समुद्राला मिळते.

तुमच्या मुलांना वर्तमानपत्रातील एक बातमी पाठ असेल. ‘कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून १,०५० क्युसेक विसर्ग सुरू.’ ही बातमी वर्गात गणित म्हणून घ्या. पायथा वीजगृहात २० मेगावॉटचे दोन संच आहेत, आणि १,०५० क्युसेक हा साधारण एका संचाचा पूर्ण क्षमतेचा विसर्ग आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट आणि एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, त्यामुळे सेकंदाला सुमारे २९,७०० लिटर पाणी जाते. २० मेगावॉटचा संच तासाला २०,००० युनिट वीज देतो. भागाकार केला की एका युनिटला सुमारे ५,३०० लिटर पाणी लागल्याचे दिसेल. तेच धरण, तेच पाणी, पण पोफळीच्या सहापट पाणी लागते, कारण पायथ्याशी त्याला पडायला पोफळीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकीच उंची मिळते. स्थितिज ऊर्जेच्या सूत्रातील उंचीला किती मोल आहे, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. अर्थात पायथ्याचे पाणी नदीकाठच्या शेतीला आणि पिण्यालाही लागते, म्हणून केवळ विजेच्या हिशेबाने त्याची किंमत करू नये.

आता साखळीची डावी बाजू. हे पाणी वर कोणी चढवले? सूर्याने. समुद्रातील एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. त्यातून पोफळीला आपल्या हाती येतात ते साडेचार किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे पाचशेवा भाग. उरलेली ऊर्जाही कुठे नाहीशी झालेली नाही. वाफेचे ढगात पाणी झाले तेव्हा ती उष्णता हवेला परत मिळाली, त्या उष्णतेने हवा आणखी वर चढली, आणि मोसमी पावसाचे ढग उंच उंच वाढत गेले ते याच ऊर्जेवर. नवज्याला पडणाऱ्या पावसामागे हा एवढा मोठा खर्च आहे.

उजवी बाजू तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे नेते. पोफळीची वीज घरातील गिझरमध्ये गेली असे समजा. वीस लिटरच्या बादलीतील पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला २० गुणिले २० गुणिले ४.१८६, म्हणजे सुमारे १,६७४ किलोज्यूल लागतात. हे झाले अर्ध्या युनिटला किंचित कमी. पोफळीच्या हिशेबाने त्यासाठी चारशे लिटर पाणी ४७५ मीटर खाली आणावे लागते, आणि तारांमधील गळती धरली तर त्याहून अधिक. एका बादलीच्या स्नानासाठी वीस बादल्या पाणी अख्खा सह्याद्री उतरून गेलेले असते. हा आकडा कळल्यापासून आमच्या घरी पाणी गरजेपेक्षा अधिक तापवले जात नाही.

मंद आच

वरील प्रतिसादातील शेवटचा मुद्दा मी स्वयंपाकघराकडे नेते. गृहविज्ञान शिकवत असल्यामुळे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो गॅस जळताना सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजे भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण ६५० मेगाज्यूल, विजेच्या भाषेत १८० युनिट इतकी रासायनिक ऊर्जा असते. चांगली शेगडी असली तरी त्यातील दोन-तृतीयांशाच्या आसपासच भांड्यात जाते. बाकीची भांड्याच्या कडेने निघून ओट्यामागची भिंत आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती तापवते.

मुलांना घरी करता येण्याजोगे गणित उकळीचे आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. तेच पाणी पूर्ण आटवायला २,२६० किलोज्यूल, म्हणजे सातपट. पाण्याला एकदा उकळी आली की उघड्या पातेल्यात त्याचे तापमान वाढत नाही, मग आच कितीही मोठी ठेवा. मोठ्या आचेने डाळ लवकर शिजत नाही, वाफ मात्र अधिक होते. आजी ‘उकळी आली की आच मंद कर आणि झाकण ठेव’ असे म्हणतात, त्यामागे ही सातपट आहे. कुकरचेही तसेच. कुकरमध्ये वाफ कोंडल्याने दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, म्हणून अन्न लवकर शिजते. शिट्टी होते तेव्हा वाफेतील थोडी ऊर्जा शिट्टीचे वजन वर उचलते, थोडी आवाज होते आणि बहुतेक सगळी वाफेबरोबर खिडकीतून जाते. पहिली शिट्टी झाल्यावर आच कमी केली तर आतला दाब तसाच राहतो आणि गॅस मात्र वाचतो.

मिक्सरचे पुस्तकातील उत्तर ‘विद्युत ऊर्जेची गतिज ऊर्जा’ असे आहे. ते अर्धवट आहे. इडलीचे पीठ मिक्सरमधून काढले की भांड्याला हात लावून पाहावा. पीठ कोमट लागते. उन्हाळ्यात वाटताना पिठात बर्फाचे पाणी घालतात ते याचसाठी. पाती फिरतात ही गतिज ऊर्जा, परंतु मिक्सर थांबला की पीठही थांबते, मग ती गती कुठे गेली? ती पिठातच उष्णता होऊन राहिली. इंग्लंडमधील मँचेस्टरजवळ राहणाऱ्या जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४० च्या दशकात नेमका हाच प्रयोग केला होता. खाली उतरणाऱ्या वजनांच्या दोऱ्यांनी त्यांनी पाण्यात वल्ह्यांसारखी पाती फिरवली, पाण्याचे तापमान किती वाढते ते अतिशय बारकाईने मोजले आणि अमुक इतके कार्य केले की नेहमी अमुक इतकीच उष्णता मिळते, हे दाखवून दिले. ज्यांच्या नावाचे एकक मुले रोज लिहितात, त्यांचा प्रयोग ओट्यावर रोज घडतो, हे मुलांना जरूर सांगावे.

नवशिका

वरचे सगळे वाचून एक शंका आली. मिक्सरमध्ये शेवटी उष्णता होते हे पटले. पण पंख्याने तर खोली थंड होते. मग पंख्याची साखळी उष्णतेवर कशी संपेल? आणि फ्रिज तर उघडच थंडावा तयार करतो. फ्रिजचे दार उघडे ठेवले तर स्वयंपाकघर थंड होणार नाही का?

तापमापी

नवशिका यांची शंका आणि मूळ प्रश्न यांचे उत्तर एकच आहे, म्हणून दोन्ही एकत्र घेतो.

पंखा खोली थंड करत नाही. पंख्याचा वारा अंगावरील घामाचे बाष्पीभवन वाढवतो आणि त्वचेभोवतीची तापलेली हवा हलवतो, म्हणून आपल्याला गार वाटते. रिकाम्या बंद खोलीत पंखा चालू ठेवून तापमापी टांगली तर तापमान किंचित वाढलेलेच दिसेल. ७५ वॉटचा जुना पंखा खोलीला सतत ७५ वॉट उष्णता देत असतो. काही उष्णता मोटरच्या तारांमधून थेट मिळते. बाकीची आधी वारा होते, तो वारा भिंतींना आणि स्वतःच्याच भोवऱ्यांना घासून विरतो आणि हवेच्या रेणूंच्या अस्ताव्यस्त हालचालीत, म्हणजे उष्णतेत, मिसळतो. बटण बंद केल्यावर पाती थोडा वेळ फिरत राहतात ती त्यांत साठलेल्या गतिज ऊर्जेवर. ही ऊर्जा फार नसते. ढोबळ हिशेबाने ती पंख्याला एक-दोन सेकंदांत लागणाऱ्या विजेइतकीच भरते. तीही हवेत आणि बेअरिंगमध्ये विरते. तेव्हा त्या मुलीला सांगता येईल की पंख्यातील ऊर्जा बटण बंद केल्यावर कुठे जात नाही. पंखा चालू असतानाच ती क्षणोक्षणी खोलीच्या उष्णतेत जात होती, आणि वीज कंपनी ती क्षणोक्षणी भरून देत होती.

फ्रिज आतील उष्णता उचलून मागच्या जाळीवाटे बाहेर टाकतो, आणि त्या कामासाठी घेतलेली वीजही अखेर उष्णता होऊन तेथेच बाहेर पडते. दार उघडे ठेवले तर आत घेतलेली आणि बाहेर टाकलेली उष्णता त्याच खोलीत राहते, वर विजेची भर पडते, आणि स्वयंपाकघर तापते.

आता ‘वाचवायची कशाला’ याकडे. ‘अवजल’ यांनी वर दिलेल्या आकड्यांवरून एक गणित करून पाहू, कारण या प्रश्नाचे खरे उत्तर त्यात आहे. कोयना धरण भरले की त्यात सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे जवळजवळ २९८ कोटी घनमीटर पाणी असते. कल्पना करू की हे सगळे पाणी पोफळीवरून खाली सोडले. एका युनिटला साधारण ८६० लिटर या हिशेबाने ३४६ कोटी युनिटच्या आसपास वीज मिळेल. आता दुसरी कल्पना. तेवढेच पाणी खाली न सोडता उन्हाने फक्त एक अंश तापले. एक घनमीटर पाणी एक अंश तापायला ४,१८६ किलोज्यूल, म्हणजे सुमारे १.१६ युनिट लागतात. २९८ कोटी घनमीटरना गुणले तर पुन्हा ३४६ कोटी युनिटच्याच आसपास उत्तर येते!

दोन्ही आकडे सारखे आहेत, आणि ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाच्या दृष्टीने दोन्ही ऊर्जा सारख्याच आहेत. तरीही पहिल्या ऊर्जेवर कारखाने चालतात, लोकल धावते, रुग्णालयातील यंत्रे चालतात. दुसरी ऊर्जा जलाशय एक अंश कोमट होण्यापलीकडे काही करत नाही. तिच्यावर एक कप चहादेखील होत नाही, कारण चहासाठी शंभर अंश लागतात आणि जलाशय पंचवीस अंशांवर आहे. उष्णता आपण होऊन नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडेच जाते. तिच्यापासून काम करून घ्यायचे असेल तर तापमानात फरक लागतो, आणि जेवढा फरक कमी तेवढा कामाचा वाटा कमी. सगळे काही एकाच तापमानाला आले की उष्णता भरपूर असूनही तिच्याकडून काहीही करून घेता येत नाही.

म्हणून ऊर्जेच्या हिशेबात दोन गोष्टी मोजाव्या लागतात. ती किती आहे, आणि तिच्याकडून किती काम करून घेता येईल. पहिली गोष्ट कधीही बदलत नाही. दुसरी प्रत्येक रूपांतरात घटते. आपण वीज वाचवतो तेव्हा ही दुसरी गोष्ट वाचवत असतो. विज्ञानात तिचा हिशेब एन्ट्रॉपी या राशीने ठेवतात. नववीत ते नाव घेण्याची गरज नाही, परंतु ही जाणीव मात्र नववीतच व्हायला हवी असे मला ठामपणे वाटते. अन्यथा अक्षय्यतेचा नियम मुलांना पाठ होतो आणि बिलाच्या पाठीवरील ‘वीज वाचवा’ ही सूचना त्यांना त्या नियमाच्या विरुद्ध वाटत राहते.

कोळशावरील वीज पाहिली की हे अधिक टोचते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तेथे कोळसा जाळून पाचशे अंशांच्या पुढे तापलेली वाफ तयार करतात आणि तिने टर्बाइन फिरवतात. अशा केंद्रांत कोळशातील ऊर्जेचा साधारण एक-तृतीयांशच भाग वीज होतो. उरलेला धुराड्यातून आणि त्या प्रचंड शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जातो. हा कारभार करणाऱ्यांचा हलगर्जीपणा नव्हे, उष्णतेपासून काम काढण्याची निसर्गानेच घातलेली मर्यादा त्यामागे आहे. आता अशा विजेवर आपण गिझर चालवतो तेव्हा काय घडते ते पाहा. उष्णतेची वीज करताना दोन-तृतीयांश गमावले, आणि उरलेल्या एक-तृतीयांशाची पुन्हा उष्णताच केली, तीही पंचेचाळीस अंशांची. छतावरील सौर उष्णजलसंयंत्र तेच पंचेचाळीस अंशांचे पाणी सूर्यप्रकाशातून थेट देते. आंघोळीच्या पाण्यासाठी वीज वापरणे हा माझ्या मते आपल्या घरांतील सर्वांत मोठा अपव्यय आहे, पंखा आणि दिवा यांचा क्रम फार नंतर लागतो. तरी दिव्याबद्दल एक वाक्य लिहितो. जुन्या ६० वॉटच्या बल्बमध्ये दिसणारा प्रकाश पाच टक्क्यांच्या आसपास असे आणि बाकी सगळी उष्णता. तेवढाच उजेड आता ९ वॉटचा एलईडी देतो.

साखळीचे अखेरचे टोकही सांगतो. खोलीची उष्णता भिंतीतून बाहेर जाते, जमीन आणि हवा तापते आणि पृथ्वी ती अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात सोडते. सूर्याकडून येणाऱ्या प्रकाशाच्या प्रत्येक कणामागे पृथ्वी सुमारे वीस अवरक्त कण बाहेर पाठवते. आलेली आणि गेलेली ऊर्जा जवळजवळ सारखी, परंतु आलेली मोजक्या आणि जोमदार कणांत, गेलेली अनेक दुबळ्या कणांत विखुरलेली. या दोहोंमधल्या उतरंडीवर पाऊस पडतो, ज्वारी वाढते आणि पंखाही फिरतो.

घाटवळण

सर्वांचे प्रतिसाद आवडले. कोयनेचे पाणी जो सह्याद्री बोगद्यातून उतरते, तोच सह्याद्री कराड-चिपळूण मार्गावरची वाहने कुंभार्ली घाटाने उतरतात. माझा संबंध मालवाहतुकीशी असल्यामुळे त्या उतरण्याचा हिशेब देतो.

वीस टनांचा भरलेला ट्रक पाचशे मीटर उतरला तर त्याची स्थितिज ऊर्जा २०,००० गुणिले ९.८ गुणिले ५००, म्हणजे ९.८ कोटी जूलने कमी होते. युनिटमध्ये सत्तावीस. ट्रकचा वेग तर वाढू द्यायचा नसतो, म्हणजे ही ऊर्जा गतिज होऊन चालणार नाही. ती उष्णता व्हावीच लागते. ‘मंद आच’ यांच्या आकड्याने पाहिले तर एवढ्या उष्णतेवर तीनशे लिटर पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता ब्रेकवर टाकली तर लायनिंग तापून जळका वास सुटतो आणि शेवटी पायाखाली ब्रेक दाबला तरी गाडी धरत नाही. म्हणून जाणता चालक ‘ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा’ हा नियम पाळतो. त्यामुळे उष्णतेचा मोठा वाटा इंजिनवाटे हवेत जातो. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर घाट उतरणारे चालक ही सत्तावीस युनिटे सगळीच्या सगळी ब्रेकवर घालतात. हा भौतिकशास्त्राचा धडा नवीन चालकांना गाडी हाती देण्यापूर्वी शिकवला जावा, कारण त्यावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत.

हीच उतरती ऊर्जा रेल्वे परत मिळवते. कर्जत-लोणावळा दरम्यानच्या बोर घाटात चढ ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे. आधुनिक विद्युत इंजिन घाट उतरताना मोटर जनित्रासारखी चालवते आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत सोडते. त्या वेळी दुसरी गाडी घाट चढत असेल तर ती वीज तिला मिळते. ट्रकच्या ब्रेकमध्ये जे हवेत जाते ते येथे वीज म्हणूनच शिल्लक राहते. ‘तापमापी’ यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट वाचवणे म्हणजे नेमके काय, ते या उदाहरणात उघड दिसते.

माणसाच्या शरीराचाही हिशेब मुलांना आवडेल. साठ किलोचा माणूस तीनशे मीटर उंचीचा गड चढला तर १७६ किलोज्यूल कार्य होते. स्नायू अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा भाग कार्यात आणतात, म्हणून सुमारे ७०० किलोज्यूल अन्न लागते. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत याहून अधिक ऊर्जा असते. उरलेले तीन भाग अंगातील उष्णता होतात, आणि गड चढताना घाम फुटतो तो ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी.

फळा_खडू

आपणा सर्वांचे मनापासून आभार. जलाशयाचे दोन सारखे आकडे पुढच्या तासाला फळ्यावर मांडणार आहे. वर्गातील सर्व मुलांना १,०५० क्युसेकचे गणितही देणार आहे, कारण ती बातमी त्यांच्या घरी रोज वाचली जाते.

एक शेवटची विनंती. गतीची उष्णता होते हे मुलांना तापमापीवर दाखवता येईल असा कमी खर्चाचा प्रयोग आहे का? आमच्या प्रयोगशाळेत साध्या तापमाप्या आहेत, परंतु जूल यांच्यासारखे उपकरण करणे शक्य नाही. मिक्सरचा प्रयोग करून पाहता येईल, पण त्यात मोटरच्या उष्णतेचा भाग किती, हा प्रश्न मुले लगेच विचारतील.

अवजल

ताई, आहे. सायकलच्या दुकानातून अर्धा ते पाऊण किलो पोलादी छर्रे आणा. एक मीटर लांबीचा पीव्हीसी नळ घ्या, एका टोकाला टोपण चिकटवा, दुसऱ्या टोकाला घट्ट बसणारे रबरी बूच लावा. छर्रे नळात घालून, बूच काढून त्यांत तापमापीचा फुगा रुतवून तापमान नोंदवा. बूच लावा, नळ उभा धरा आणि झटक्यात उलटा करा, म्हणजे सगळे छर्रे नळाची पूर्ण लांबी एकदम पडतील. घरंगळत गेले तर चालत नाही. असे शंभर वेळा करा आणि लगेच पुन्हा तापमान घ्या.

गणित असे. प्रत्येक वेळी एक मीटर पडताना एक किलोमागे ९.८ जूल, शंभर वेळा ९८० जूल. पोलादाचा एक किलो एक अंश तापायला सुमारे ४७० जूल लागतात. म्हणजे दोन अंशांची वाढ अपेक्षित आहे. छर्रे किती घेतले यावर उत्तर अवलंबून नाही, कारण वस्तुमान दोन्ही बाजूंना आहे. हे मुलांना स्वतः शोधू द्या. प्रत्यक्षात वाढ दोन अंशांपेक्षा कमी भरेल, कारण छर्ऱ्यांनी व्यापलेल्या जागेमुळे पडण्याची उंची पूर्ण मीटरभर नसते आणि थोडी उष्णता नळाला व हवेला जाते. ती गेलेली उष्णता कुठे आहे, हे मुलांनीच सांगावे.

दोन सूचना. नळ छर्ऱ्यांच्या बाजूने हातात धरू नका, कारण तळहाताची उष्णता आत जाते. मधोमध जाड कापड गुंडाळून तेथे धरावा. दुसरे म्हणजे प्रयोगशाळेतील तापमापीवर एक-एक अंशाच्या खुणा असतील तर दीड अंशाचा फरक नीट वाचता येत नाही. जवळच्या महाविद्यालयातून अर्ध्या किंवा दशांश अंशाच्या खुणांची तापमापी एका दिवसापुरती मागून आणावी, किंवा उलटण्याची संख्या वाढवावी. संख्या वाढवताना मुलांना आळीपाळीने नळ द्यावा, नाही तर मधल्या विश्रांतीत मिळवलेली उष्णता निघून जाते.